भित्तिचित्र निम्म्यावर असताना कामासाठी परगावी जावं लागतंय, ते पूर्ण कसं करू?

तुमची अडचण मला समजली ती अशी : बाणेरच्या सोसायटीची दुमजली उंचीची पश्चिमेकडची भिंत तुम्ही घेतली आहे, काम निम्मं झालंय आणि मध्येच हैदराबादचं मोठं काम आलंय. सोसायटीला पावसाआधी भिंत पूर्ण हवी आहे. तुम्ही विचारताय, दर शनिवार-रविवारी येऊन संपवू, दुसऱ्या कुणाला देऊन टाकू, की हैदराबाद सोडू?

हैदराबाद सोडू नका. शनिवार-रविवारच्या फेऱ्याही मारू नका. रात्रभर प्रवास करून आल्यावर डबे उघडायचे, ढवळायचे, हात बसवायचा आणि परत निघायच्या आधी सगळं धुऊन ठेवायचं, यातच अर्धा दिवस जातो. उरलेल्या वेळात जे काम होतं ते दमलेल्या हाताचं दिसतं. त्यापेक्षा जाण्याआधी सलग बसा आणि नंतर एकदाच सलग मुक्कामाला या. माझीही बरीच कामं पुण्याबाहेर असतात. माझ्या मते या सगळ्यात खरा निर्णय एकच आहे, तो म्हणजे काम कुठे थांबवायचं. वेळ संपली म्हणून जिथे असेल तिथे थांबलात तर परत येणं महागात पडतं.

तुमच्या भिंतीवर ती जागा उंचीवरून ठरवा. वरचा मजला जाण्याआधी शंभर टक्के पूर्ण करा : शेवटचा हात, बारीक रेघा, सगळं. मग परांची उतरवून टाका. तुम्ही हैदराबादला असताना परांची नुसती उभी राहिली तरी तिचं भाडं चालूच राहतं. शिवाय सोसायटीतली मुलं तिच्यावर चढणार, सचिव रोज फोन करणार. घोड्यावर, म्हणजे रंगाऱ्याच्या लाकडी स्टुलावर, उभं राहून हात पोचेल तेवढीच भिंत मागे ठेवली की परत येणं सोपं होतं. लोकांच्या नजरेसमोर येणारा भागही हाच असतो, तो ताज्या डोळ्यांनी पूर्ण झालेला बरा.

मात्र आकाशाच्या मधोमध आडवी सरळ रेघ मारून थांबू नका. इटलीतले फ्रेस्कोवाले ओल्या गिलाव्यावर रंगवायचे, त्यामुळे एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचे. त्या एका दिवसाच्या तुकड्याला ते जोर्नाता म्हणत. दोन दिवसांच्या कामाचा सांधा ते बहुधा आकृतीच्या कडेवर नेत, खांद्याच्या रेषेवर किंवा वस्त्राच्या काठावर, म्हणजे तो चटकन दिसत नसे. आपण कोरड्या भिंतीवर इमल्शनने काम करतो, पण सांध्याचा प्रश्न तोच आहे. सपाट रंगाचा मोठा पट्टा अर्धवट सोडला आणि काही आठवड्यांनी पुढे नेला, तर जोड उन्हात स्पष्ट दिसतो. म्हणून पट्टा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच बैठकीत भरा. तेवढा वेळ नसेल तर त्याला हातच लावू नका.

आता रंग. लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. दुकानातल्या टिंटिंग मशीनवरचा (रंग मिसळून देणाऱ्या यंत्रावरचा) तोच शेड, तोच कोड पुन्हा आणला तरी वेगळ्या बॅचचा रंग किंचित वेगळा निघू शकतो. डब्यात तो फरक दिसत नाही, भिंतीवर शेजारी लावला की दिसतो. म्हणून उरलेल्या कामाचा सगळा रंग आत्ताच घ्या, एका शेडचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करा आणि मग परत डब्यांत भरून घट्ट बंद करा. डबे गच्चीवर किंवा मीटरच्या खोलीत नको, सावलीत ठेवा. हाताने मिसळलेले शेड असतील तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून प्रमाण लिहून ठेवा. ‘थोडा पिवळा, चमचाभर काळा’ हे महिन्याभराने तुम्हालाच कळणार नाही. प्रत्येक शेडचा एक कागदी तुकडा रंगवून, वाळवून त्यावर नाव घाला. वाळलेलाच हवा, कारण अ‍ॅक्रिलिक ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं.

दुसऱ्या कुणाला देण्याबद्दल : सगळं काम देऊ नका, सपाट भाग द्या. पुण्यात कला महाविद्यालयांतले विद्यार्थी असं काम आनंदाने करतात, आणि त्यांना पैसे द्या, ‘अनुभव मिळेल’ हे सांगू नका. खालच्या भागातल्या प्रत्येक आकारात शेडचा नंबर फिक्या खडूने लिहून जा. कोळशाने लिहू नका, पिवळ्यात आणि पांढऱ्यात तो मिसळून रंग मळतो. चेहरे, हात, अक्षरं आणि जिथे दोन रंग एकमेकांत विरतात ते भाग स्वतःसाठी ठेवा. हैदराबादहून लक्ष ठेवायचं तर रोज सकाळी त्याच जागेवरून, सावलीत असताना एक फोटो मागवा, आणि त्यात तो वाळलेला कागदी तुकडा भिंतीला टेकवून धरायला सांगा. मोबाइलचा कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो. तुकडा फोटोत असेल तर निदान दोन्ही रंग सारखेच बदललेले असतात.

वेळेचं म्हणाल तर पुण्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, पण मे महिन्यातल्या वळवाच्या सरी कुणाला विचारून येत नाहीत. पश्चिमेची भिंत मे महिन्यात दुपारी इतकी तापते की रंग ब्रशमध्येच सुकतो. पुणेकरांच्या एक ते चारवर जग हसतं, पण तुमच्या भिंतीला एकच्या पुढे ऊन मावळेपर्यंत सुट्टी द्या. सकाळ सगळी तुमची आहे. परत आल्यावर आधी भिंत पाण्याने आणि स्पंजने पुसा. बाणेरमध्ये बांधकामांची धूळ काही आठवड्यांत थर धरते, आणि धुळीवर मारलेला हात पुढे पापुद्र्यांनी सुटतो. लोणा, म्हणजे ओलीने भिंतीवर येणारा पांढरा क्षार, फुटलेला दिसला तर तिथे रंगवू नका, आधी ओल कुठून येते ते सोसायटीला शोधायला लावा. वरचा पारदर्शक कोट मात्र सगळं संपल्यावरच, जाताना ‘वरच्या भागाला तरी मारून ठेवू’ असं करू नका. सांध्याशी चमक बदलते, आणि त्या गुळगुळीत थरावर पुढचा रंग नीट धरत नाही.

सोसायटीशी बोलणं लेखी करा, व्हॉट्सअ‍ॅपवर असलं तरी चालेल. वरचा भाग पूर्ण झाल्यावर किती रक्कम, परत कधी येणार, मध्ये पाऊस आला तर तारीख किती पुढे जाईल, एवढं त्यात हवं. आणखी एक ओळ बहुतेक जण विसरतात : ‘माझ्या लेखी संमतीशिवाय उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेणार नाही.’ 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन करवून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. म्हणजे पुढे या चित्राची पोस्टकार्डं किंवा प्रिंट काढायची इच्छा असेल तर तेही त्याच कागदावर आत्ताच लिहून घ्या. कलम 57 मुळे मात्र चित्रावर आपलं नाव राहण्याचा आणि त्याची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क कलाकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं म्युरल 1979 मध्ये काढून टाकलं गेलं. त्या खटल्यात 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 5 लाख रुपये भरपाईही. तुमच्या सोसायटीशी इतकं लांब जायची वेळ येणार नाही, पण पुढच्या मीटिंगमध्ये ‘आमचा एक ओळखीचा पेंटर आहे’ असं कुणी म्हणालंच, तर अध्यक्षांना दाखवायला तो मेसेज जवळ असू द्या.

जाता जाता प्रवासाचं : स्प्रेचे कॅन विमानात केबिनमध्येही चालत नाहीत आणि चेक-इनलाही, थिनरचंही तसंच. ते तिकडेच विकत घ्या. ब्रश मात्र आपलेच न्या.