पत्रपेटी: झाकण फुटलंय, नातू हसेल आणि बॉसला काय लिहू?

मागच्या अंकात पत्रलेखनावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं. ढीगभर आले, बहुतेक व्हॉट्सअॅपवर. असो, प्रश्न चांगले आहेत.

ताई, आमच्या सोसायटीच्या गेटसमोर गटारीचं झाकण फुटून कित्येक महिने झाले. संबंधित ऑफिसात दोनदा अर्ज दिला, चांगला दोन पानी, खड्डे, मोकाट कुत्री, पार्किंग सगळं सविस्तर लिहिलं. काहीच हललं नाही. आमचं लिहिण्यात काही चुकतंय का? (नाशिकच्या सिडकोतून एक वाचक)

हो, ते दोन पानी प्रकरण चुकतंय. तुमचं पत्र साहेब आधी बघतच नाही, ते टपाल घेणाऱ्या क्लार्कच्या हातात पडतं आणि त्याला एवढंच ठरवायचं असतं की हे कुठल्या टेबलाला टाकू. आता झाकण ड्रेनेजवाल्यांचं, खड्डे बांधकामवाल्यांचे, कुत्री तिसऱ्याच खात्याची, मग ते पत्र तिघांपैकी एकाच्या फाईलला लागतं आणि तो म्हणतो यातलं निम्मं आपलं नाहीच, राहू दे. म्हणून एका पत्रात एकच मागणी. तीन तक्रारी असतील तर तीन पत्रं लिहा, कंटाळा आला तरी.

सगळ्यात जास्त डोकं विषयाच्या ओळीला लावा. 'नागरी समस्यांबाबत' यातून कुणाला काय कळणार? 'अमुक चौकाजवळ, अमुक सोसायटीच्या गेटसमोरील गटारीचे फुटलेले झाकण बदलण्याबाबत' असं लिहिलं की क्लार्कला आतलं वाचायची पण गरज नाही. खाली दोन छोटे परिच्छेद पुरतात, कुठे आहे, कधीपासून आहे, कोण पडलं असेल तर कोणत्या तारखेला, आणि मग काय करून पाहिजे. 'महोदय' आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' चालतं, पण त्यापुढे नम्र विनंत्यांच्या पायघड्या नकोत. आणि राग पण नको. तुमचा राग खरा आहे हो, पण फाईलला राग लावता येत नाही, तारीख लावता येते. फोटो जोडले असतील तर शेवटी 'सोबत' म्हणून किती फोटो ते लिहा.

दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि नंबर घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका, कारण तो नंबर नसेल तर तुम्ही पत्र दिलं हे फक्त तुम्हालाच माहीत. पोस्टाने पाठवणार असाल तर रजिस्ट्री आता वेगळी राहिली नाहीये, 1 सप्टेंबर 2025 पासून ती स्पीड पोस्टात मिसळली, तेव्हा स्पीड पोस्टची पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट जपून ठेवा. मग स्मरणपत्र, त्यात 'संदर्भ' म्हणून तोच आवक नंबर. तरीही शांतता असेल तर 2005 चा माहिती अधिकार आहेच, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. फक्त त्यात 'झाकण का बदललं नाही' असं विचारू नका, 'का' ला ते सहज टोलवतात. 'या तारखेच्या, या आवक नंबरच्या पत्रावर केलेल्या कारवाईच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात' असं मागा. बऱ्याचदा तो अर्ज पोचला की झाकणच येतं.

ताई, नातू पुण्याला हॉस्टेलवर असतो, इंजिनिअरिंगला. रोज व्हिडिओ कॉल होतो, तरी मला त्याला हाताने पत्र लिहावंसं वाटतं. सून म्हणते रोज तर बोलता, नवीन काय लिहिणार. अक्षरही आता हलतं. तो हसेल का? (पंचवटीतल्या एक आजी)

आजी, हसू दे की, लिहा तुम्ही. सूनबाईंचं एक बरोबर आहे, बातम्या कॉलवरच संपतात, तेव्हा पत्रात बातम्या घालूच नका. कॉलवर सांगायला घेतलं की तो 'हो आजी, हो' करतो ना, नेमकं तेच लिहा. यंदा गोदावरीच्या पुराचं पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत चढलं, तुम्ही कुठे उभं राहून बघितलं, शेजारी कोण होतं, आणि तुमच्या लहानपणी पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की घरात काय गडबड उडायची. किंवा बुधवारच्या बाजारात मेथीवाली कशावरून भांडली. किंवा त्याच्या आजोबांनी रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारली असेल तर तो किस्सा, कारण तो त्याला दुसरं कुणी सांगणार नाहीये. एका पत्राला एक गोष्ट पुरते, पण ती नीट सांगा, माणसं कशी बोलली ते तसंच्या तसं लिहा.

प्रश्न कमी विचारा. जेवतोस का, झोपतोस का, पैसे पुरतात का असं सगळं एकदम आलं की पोराला तो पेपर वाटतो आणि मग उत्तर येत नाही. उपदेश तर एक ओळ, त्यावर नाही. आपल्या नाशिकजवळ गंगापूरला राहणाऱ्या गोपिकाबाईंनी नातवाला, म्हणजे सवाई माधवरावांना, कसं वागावं याचा चांगला लांबलचक उपदेश लिहून दिला होता, पण तो पेशवा होता, तुमच्याला सबमिशन्स आहेत.

अक्षर हलतं तर मोठं काढा, एक ओळ सोडून लिहा, बास. मायन्यात 'चि.' आणि नाव, खाली 'अनेक आशीर्वाद', एवढं त्याला कळतं. पोस्टकार्ड अजूनही 50 पैशाला आहे पण ते हॉस्टेलच्या वॉचमनपासून सगळे वाचतात, म्हणून घरातलं काही असेल तर अडीच रुपयांचं आंतरदेशीय घ्या. पत्त्यात हॉस्टेलचं नाव, रूम नंबर आणि सहा आकडी पिनकोड. आणि खरं सांगू का, 1926 पासून देशाची तिकिटं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, आणि पत्रं मात्र आपणच लिहीत नाही, हे काही बरं दिसत नाही.

मैत्रिणीचे वडील गेले. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले, मी पण टाकला, पण बरं वाटत नाहीये. पत्र लिहू म्हटलं तर सुचत नाही. (गंगापूर रोडवरून)

चार ओळी लिहा. काकांबद्दल तुम्हाला आठवणारी एखादी गोष्ट, अगदी बारीक असली तरी चालेल, म्हणजे तुम्ही घरी गेलात की ते काय म्हणायचे वगैरे, कारण त्या दिवसांत तिला वडिलांबद्दल नवीन काहीतरी ऐकायला मिळणं हे फार असतं. 'काळ हेच औषध' नको, 'देवाला चांगली माणसं आवडतात' तर अजिबातच नको. 'काही लागलं तर सांग' पण नको, ती सांगत नसते. 'गुरुवारी संध्याकाळी डबा घेऊन येते' असं लिहा आणि जा. उत्तराची वाट बघू नका.

सातपूरच्या कंपनीत आहे, नोकरी सोडतोय. राजीनामा चॅटजीपीटीकडून लिहून घेतला, भारी इंग्लिश आहे. मॅनेजरने कसा त्रास दिला ते पण टाकलंय. पाठवू का?

थांबा जरा! मॅनेजरचं सगळं काढून टाका. तक्रार करायचीच असेल तर ती वेगळी, एचआरला, तारखांसकट. राजीनामा तुमच्या फाईलमध्ये राहणार आणि पुढची कंपनी चौकशी करेल तेव्हा तोच उघडला जाणार. त्यात पद, राजीनाम्याची तारीख, नोटीस पिरियड धरून कामाचा शेवटचा दिवस, आणि रिलीव्हिंग लेटर व हिशोब मिळावा ही विनंती, एवढंच. भारी इंग्लिश पण थोडं कमी करा, ज्या माणसाशी रोज मराठीत बोलता त्याला असं पत्र गेलं तर तो आधी हसेल. ईमेल केला तर स्वतःच्या पर्सनल आयडीला कॉपी ठेवा, ऑफिसचा आयडी शेवटच्या दिवशी बंद होतो.