कापसाचा धागा बाजारात मांडताना

बाबू, सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी कॉलेजच्या हॉलमध्ये सगळेच मांडतात. तू आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीत मांड. सुरुवात कापसाच्या तंतूपासून कर. सूक्ष्मदर्शकाखाली तो पिळलेल्या फितीसारखा दिसतो. जन्मभर कापूस वेचलेली बाई तिथंच थबकते. मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, कोणाला कळत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, हा तंतू १५-२०, असं सांग. प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनच्या झोतानं पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो मुळात काळे-पांढरेच असतात. रंग मागून भरला असेल तर पाटीवर तसं लिही. माझ्या प्रदर्शनात बोंडअळी निळी दिसली अन् एका आजोबांनी जी हजेरी घेतली! विद्यापीठातला संशोधक फोटोजवळ उभा कर, पण भाषण नको. चकचकीत प्रिंट घेऊ नको, उन्हात फक्त आपलंच तोंड दिसते.