वाचकांचे प्रश्न: मॅगसेसे हे खरंच ‘आशियाचं नोबेल’ आहे का?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही चार रिटायर्ड मंडळी रोज संध्याकाळी दांडिया बाजारात ओटल्यावर बसतो, परवा लीलो चिवडा खाता खाता चांगलीच जुंपली. एक जण म्हणतो मॅगसेसे म्हणजे आशियाचं नोबेल, नोबेलवाल्यांनीच काढलंय ते. दुसरा म्हणतो कसलं नोबेल, अमेरिकेच्या पैशाचं अवॉर्ड आहे सगळं. दोन दिवस बोलत नाहीयेत एकमेकांशी. खरं काय ते सांगून टाका.
– एक रिटायर्ड बँकवाले, वडोदरा

उत्तर: काका, पहिल्यांना सांगा की नोबेलचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ‘आशियाचं नोबेल’ हे पेपरवाल्यांचं लेबल, हेडिंगमध्ये बरं बसतं म्हणून चिकटलं ते चिकटलंच. दुसऱ्यांचं मात्र बरंचसं खरं आहे, फक्त ते तिथेच थांबले.

रामोन मॅगसेसे हे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष. (तिकडे नाव ‘मागसायसाय’ असं काहीसं म्हणतात, पण आपल्याकडे आता मॅगसेसेच रुळलंय, असू दे.) माणूस इंटरेस्टिंग होता, एका बस कंपनीत मेकॅनिक म्हणून लागला, महायुद्धात जपान्यांविरुद्ध जंगलात राहून लढला, मग संरक्षणमंत्री आणि १९५३ च्या अखेरीस थेट राष्ट्राध्यक्ष. आल्या आल्या राजवाड्याची दारं साध्या लोकांसाठी उघडून दिली, त्यामुळे लोक जीव टाकायचे. १७ मार्च १९५७ ला सेबूहून मनिलाला येताना रात्री विमान डोंगरावर आपटलं, २६ पैकी एकटा एक पत्रकार वाचला. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर ब्रदर्स फंडाने त्यांच्या नावाने पुरस्कार काढला, फिलिपिन्स सरकारच्या संमतीने. पहिला दिला १९५८ मध्ये, ३१ ऑगस्टला, तो त्यांचा वाढदिवस.

म्हणजे पैसा अमेरिकन, यात वादच नाही. आणि मॅगसेसे स्वतः अमेरिकेच्या किती जवळचे होते हेही उघड आहे, हुक नावाच्या कम्युनिस्ट बंडखोरांना त्यांनी मोडून काढलं तेव्हा सीआयएचे एडवर्ड लान्सडेल त्यांचे सल्लागार होते. म्हणूनच २०२२ मध्ये केरळच्या माजी आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांनी पुरस्कार नाकारला, त्यांच्या पक्षाचं, म्हणजे कम्युनिस्ट माकपचं, म्हणणं असं की ज्याने कम्युनिस्टांना चिरडलं त्याच्या नावाचं आम्ही घेणार नाही. त्याआधी २००२ मध्ये समाजकार्यकर्ते संदीप पांडे पुरस्कार घ्यायला मनिलाला गेले, तिथे अमेरिकन वकिलातीसमोर इराकवर होऊ घातलेल्या युद्धाविरुद्ध निदर्शनं केली, त्यावरून वाद झाल्यावर सन्मान ठेवला आणि ५० हजार डॉलर परत केले! मला तर हा किस्सा फार आवडतो.

पण काका, कोणाचं नाव आणि कोणाचा पैसा एवढ्यावरच मोजायचं तर नोबेलचा पैसा तरी कुठून आला, डायनामाइटमधूनच ना. मी यादी बघतो. दलाई लामांना मॅगसेसे १९५९ मध्ये, नुकतेच तिबेट सोडून भारतात आले होते तेव्हा, नोबेल १९८९ ला. मदर तेरेसांना हे १९६२ ला आणि नोबेल १९७९ ला. बांगलादेशच्या ग्रामीण बँकवाल्या मुहम्मद युनूसना १९८४, नोबेलला २००६ उजाडलं. मला वाटतं मॅगसेसेची इज्जत यातच आहे, माणूस जगभर गाजायच्या आधी त्यांनी ओळखला. १९६३ ला अमूलचे कुरियन, त्रिभुवनदास पटेल आणि दारा खुरोडी या तिघांना मिळून दिलं, तेव्हा आपल्या शेजारच्या आणंदचं दूध देशात कितीसं माहीत होतं. आपल्या मराठी लोकांची यादीपण छोटी नाहीये: सी. डी. देशमुख १९५९, जामखेडचे आरोळे दांपत्य १९७९, बाबा आमटे १९८५, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे २००८.

सगळी निवड पटतेच असं नाही. नंतर राजकारणात गेलेल्यांची नावं वाचून आमच्या घरीपण आवाज चढतात. तुमच्या ओटल्यावर ते काढू नका, चिवडा संपायचा नाही.

प्रश्न: सर, मी जीपीएससीची (गुजरात लोकसेवा आयोगाची परीक्षा) तयारी करतेय. मॅगसेसे मिळालेले पहिले भारतीय विनोबा भावे, ते बडोद्याचे असं आजी म्हणते, पुस्तकात तर गागोदे लिहिलंय?
– एक विद्यार्थिनी, रावपुरा

उत्तर: दोन्ही बरोबर, पेपरात जन्मगाव विचारलं तर गागोदेच लिही, रायगड जिल्हा. पण वडिलांची नोकरी बडोद्यात, त्यामुळे शिक्षण इथलं, हायस्कूल इथलं आणि कॉलेजपण इथलंच. सर्टिफिकेटं आईसमोर चुलीत घातली तीही इथेच. १९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला मुंबईच्या गाडीत बसले आणि सुरतला उतरून काशीला निघून गेले. (तू असलं काही करू नकोस, आजी मला धरेल.) १९५८ चा मॅगसेसे भूदानासाठी, कॅटेगरी कम्युनिटी लीडरशिप, आणि भूदानाची सुरुवात १९५१, पोचमपल्ली, हे पाठ असू दे.

प्रश्न: आमच्या साहेबांना एका संस्थेचा मेल आलाय की तुमची इंटरनॅशनल अवॉर्डसाठी निवड झाली, फंक्शन परदेशात, त्याआधी पंचवीस हजार रजिस्ट्रेशन भरा. साहेब खूश आहेत, ऑफिसात पेढेपण वाटले. मला शंका येतेय पण बोलू कसं?
– नाव नको, अलकापुरी

उत्तर: ताई, शंका बरोबर आहे तुमची. मॅगसेसे काय, नोबेल काय, तिथे आपलं नाव आपण पाठवायचं नसतं आणि फी तर नसतेच, उलट तेच पैसे देतात. हे पान उघडं करून साहेबांच्या टेबलावर ठेवून द्या, बोलायची गरज नाही. पैसे भरून झाले असतील तर मात्र लाजू नका, आजच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.