कांटपासून सुरुवात कर, पण जपून

लोकशाही आणि शांतता हा विषय घेतलास, याचा आनंद झाला. आधी जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचा १७९५ चा शाश्वत शांततेवरचा निबंध वाच. लहानसाच आहे. त्यात तो 'लोकशाही' मागत नाही, प्रजासत्ताक मागतो, म्हणजे प्रतिनिधींमार्फत चालणारं, कायदे करणारे आणि राबवणारे वेगळे असलेलं राज्य; त्याच्या लेखी थेट लोकशाही ही हुकूमशाहीच. नवखे इथेच घसरतात. त्याचा मुद्दा साधा आहे: युद्धाचा खर्च आणि मरण ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांची संमती लागली तर ते दहादा विचार करतील. राजाला तसं काही गमवावं लागत नाही.

मग अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ मायकेल डॉइलचे १९८३ मधले लेख घे. उदारमतवादी राष्ट्रं आपसांत लढत नाहीत, इतरांशी मात्र खुशाल लढतात, असं तो दाखवतो. हा दुसरा भाग लोक सोयीस्करपणे विसरतात, आणि मला त्याचाच राग येतो.

कारगिल टाळू नकोस. १९९९ मध्ये दिल्लीत आणि इस्लामाबादेत दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं होती, तरी युद्ध झालं. पण पाकिस्तानात लष्कर कोणाच्या ताब्यात होतं? मतपेटी असली की लोकशाही झाली का, हे आधी ठरव आणि मगच आकडेवारीकडे वळ.