लेकीच्या मध्ययुगीन युरोपासाठी फ्लॅट तारण ठेवावा का?

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: मुलगी इतिहासात बी.ए. झाली, मोडी वाचते. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात मध्ययुगीन अभ्यासाच्या एक वर्षाच्या एम.ए.ला तिला प्रवेश मिळालाय. फी, राहणं-खाणं धरून खर्च 45 लाख. 20 लाखांच्या ठेवी मोडायच्या आणि उरलेल्या 25 लाखांच्या शैक्षणिक कर्जासाठी राहता फ्लॅट तारण द्यायचा, असा घरचा विचार आहे. ताई तीन वर्षांनी कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त होतील, यजमान आधीच निवृत्त झालेत.

ताई, ‘हे शिकून काय मिळणार’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचं मनावर घेऊ नका. विषय मोलाचा आहे आणि यॉर्कची निवडही चांगली आहे. तिथल्या बॉर्थविक संस्थेत चर्चच्या न्यायालयांची चौदाव्या शतकापासूनची प्रकरणं जपलेली आहेत: लग्नाचे वाद, बदनामीचे दावे, चर्चला द्यायच्या दशांशाचे तंटे, त्यांत साध्यासुध्या माणसांच्या साक्षी. मोडी वाचणाऱ्या मुलीला याची ओढ लागणारच. तरीही फ्लॅट तारण ठेवू नका आणि यंदा तिला यॉर्कला पाठवू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

25 लाख, साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षं धरली तर हप्ता 33,700 रुपयांच्या आसपास येतो. एकूण परतफेड 40 लाखांवर जाते, शिकत असतानाचं व्याज वेगळंच. व्याजावरची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आणि आठच वर्षं. शिवाय या एम.ए.नंतर लगेच पगार सुरू होईल असं धरता येत नाही. संशोधनात राहायचं तर पुढे पीएच.डी. आलीच, म्हणजे आणखी तीन-चार वर्षं. तोवर हप्ते तुमच्या पेन्शनमधून जाणार. हे मला पटत नाही.

दुसरा मुद्दा पैशाइतकाच महत्त्वाचा आहे. तुमच्या पत्रात लॅटिनचा उल्लेखच नाही. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या त्या साक्षी लॅटिनमध्ये आहेत, आणि लेखनिकांनी शब्द तोडून तोडून लिहिलेत. ‘पी’ अक्षराच्या खालच्या दांडीला आडवी रेघ मारली की ते ‘पेर’, तीच रेघ अक्षराच्या डोक्यावर गेली की ‘प्रे’. मोडीमुळे तिची नजर तयार आहे, भाषा मात्र शिकावीच लागेल. एका वर्षाच्या अभ्यासक्रमातले पहिले महिने लॅटिनची रूपं घोकण्यात गेले, तर 45 लाखांतला मोठा हिस्सा घरबसल्या शिकता येणाऱ्या गोष्टीवर गेला.

म्हणून ही दीड-दोन वर्षं लॅटिन आणि जर्मन. जर्मनसाठी पुण्याचं मॅक्सम्युलर भवन आहे, त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. वर्ग, परीक्षा, पुस्तकं यांसाठी अडीच लाख बाजूला काढा. मग जर्मनीचे दरवाजे उघडतात. बामबर्ग विद्यापीठात मध्ययुगीन अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र आहे आणि शिक्षण शुल्क नाही, सत्राची किरकोळ वर्गणी तेवढी भरायची. फ्रायबुर्ग ज्या राज्यात येतं तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात, तेही झेपण्यासारखे आहेत. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड खात्यात दाखवावे लागतात, त्यातले महिन्याला 992 मिळतात. म्हणजे वर्षाला साधारण 12 ते साडेबारा लाख, आणि हा पैसा फीमध्ये जात नाही, तिच्याच जेवणाखाण्याला लागतो. वर्षात 140 पूर्ण दिवस काम करायलाही परवानगी असते.

पहिलं वर्ष ठेवींतून करा. दुसऱ्या वर्षाला तिची कमाई आणि कमी पडेल तेवढं शैक्षणिक कर्ज. सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंत ते साधारणपणे तारणाशिवाय मिळतं. अर्जदार तीच असेल, तुम्ही सहकर्जदार. ठेवींतले किमान सहा लाख मात्र काहीही झालं तरी मोडायचे नाहीत, ते तुमच्या आजारपणासाठी.

जर्मनीत पीएच.डी.च्या बऱ्याच जागा पगारी असतात, आणि माझा कौल तिकडे झुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. इंग्रजीतूनच शिकायचं असेल तर व्हिएन्नातल्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीलाही अर्ज करू द्या, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं.

यॉर्कला लगेच नकार कळवू नका. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का आणि शिष्यवृत्तीसाठी विचार होईल का, हे मुलीने या आठवड्यात ईमेलने विचारावं. लेखी उत्तर येईपर्यंत डिपॉझिट भरू नका, आणि बँकेने फ्लॅटचे मूळ कागद मागितले तर देऊ नका.