विचारा बिनधास्त : जुने स्पीकर, नवी खटपट

पावसाळा सरला की माळ्यावरचे स्पीकर खाली उतरतात आणि आमच्याकडे पत्रं यायला लागतात. या वेळी तीन घेतोय.

प्रश्न : बाबांचे एआरचे (अ‍ॅकॉस्टिक रिसर्च या अमेरिकी कंपनीचे) स्पीकर आहेत, १९७० च्या दशकातले. वूफरच्या (बेस काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम बोट लावलं की भुगा होतोय. दुरुस्तीवाला म्हणतो जाड रबराची कडा लावू आणि मागे भोक पाडून पोर्ट करू, बेस डबल होईल. करू का?
– नौपाडा, ठाणे

उत्तर : भोक नको. हात जोडून सांगतो, नको. एआरचं नावच मुळात त्या बंद डब्यावर झालंय. एडगर विल्चर यांनी १९५४ साली अ‍ॅकॉस्टिक सस्पेन्शन बाजारात आणलं, त्यात वूफरची कडा मुद्दाम सैल ठेवलेली असते आणि कोनला (वूफरच्या पुढच्या हलणाऱ्या कागदी पडद्याला) जागेवर आणायचं काम डब्यात कोंडलेली हवा करते, म्हणून तर एवढ्याशा खोक्यातून तसला खोल बेस निघतो. भोक पाडलं की ती हवेची स्प्रिंगच गेली, मग कोन मोकाट सुटणार आणि आवाज जरा चढवला की त्याच्या मागची तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, मागे आपटणार. जाड रबराचंही तसंच, कडा कडक झाली की वूफरचा रेझोनन्स, म्हणजे तो आपोआप ज्या स्वराला घुमतो तो स्वर, वर सरकतो, म्हणजे बेस वाढायचा राहिला बाजूला, उलट खालचा बेस जातो.

फोम मात्र बदलायलाच लागेल आणि ते घरी जमतं. हा फोम तसाही पंधरा-वीस वर्षांत जातो, त्यात आपल्याकडे खाडीची दमट हवा. मागवताना नुसतं ‘दहा इंची द्या’ म्हणू नका, कोनचा बाहेरचा व्यास, फोमच्या फुगीर भागाचा आतला आणि बाहेरचा व्यास, आणि बास्केटचा (वूफरच्या सांगाड्याचा) व्यास असे चारही मिलिमीटरमध्ये मोजा. जुना गोंद आयसोप्रोपाइल अल्कोहोलने मऊ करून जुन्या एटीएम कार्डाने खरवडा, हळू, नाहीतर गोंदाबरोबर कागदी कोनचा पापुद्रा पण निघतो.

आता खरी मेख. नवीन फोम आधी कोनला चिकटवून पूर्ण सुकू द्यायचा, बास्केटला नंतर, आणि तिथे फेविक्विकसारखं काही चालत नाही कारण तुम्हाला फोम सरकवायला वेळ हवा. व्हॉइस कॉइल मॅग्नेटच्या अगदी अरुंद फटीत हलते. गोंद ओला असतानाच दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून हलकेच दाबा, कान जवळ न्या, बारीक खरखर ऐकू आली की फोम त्या बाजूला किंवा उलट बाजूला किंचित सरकवा आणि परत दाबा. खरखर पूर्ण थांबेपर्यंत हेच. मग ३० हर्ट्झचा टोन अगदी कमी आवाजात लावून बघा, कोन नुसता डोलला पाहिजे. डस्ट कॅप (कोनच्या मधली टोपी) कापून कॉइलच्या फटीत पट्ट्या घालायची पद्धत जास्त पक्की आहे पण कॅप कापताना हात हलला तर पंचाईत.

वूफर परत बसवताना गॅस्केट (वूफर आणि डब्यामधली सीलची पट्टी) विसरू नका. कोन आत दाबून सोडा, सावकाश परत आला तर डबा सीलबंद, टपकन आला तर कुठेतरी हवा गळतेय.

प्रश्न : ट्वीटर (वरचे, बारीक स्वर काढणारा छोटा स्पीकर) दबल्यासारखा वाटतो. क्रॉसओवरमध्ये (वरचे-खालचे स्वर वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये) ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, त्याजागी १० चा टाकला तर आवाज खुलेल ना?
– नेरुळ

उत्तर : खुलेल आणि मग ट्वीटर जळेल. साधा हिशोब बघा, ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ चा एकटा कपॅसिटर असेल तर तो साधारण ४,२०० हर्ट्झच्या खालचं अडवायला लागतो, १० चा टाकला की ती हद्द २,००० वर येते, आणि तिथली पॉवर झेलायची ताकद त्या नाजूक कॉइलमध्ये नसते. किंमत तीच ठेवा, फक्त कपॅसिटर नवा टाका. जुने बायपोलर (म्हणजेच नॉन-पोलर, प्लस-मायनस नसलेले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार बिघडतात, दबलेला आवाज बहुतेक त्याचाच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागताना ‘नॉन-पोलर’ असं स्पष्ट सांगा, साधा प्लस-मायनसवाला नको. फिल्म कपॅसिटर घेतलात तर ट्वीटर थोडा जास्तच चमकेल कारण त्याचा अंतर्गत रोध कमी असतो, कानाला टोचलं तर सिरीजमध्ये अर्धा ते एक ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर टाका. आणि हो, आधी एकाच स्पीकरचा बदला! दुसरा तसाच ठेवून मोनोमध्ये आळीपाळीने ऐका, नाहीतर नव्या पार्टच्या कौतुकात काहीही छानच वाटतं. मागे ट्वीटरची लेव्हल नॉब असेल तर सगळ्यात आधी तिच्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा फिरवा, कित्येकदा तेवढ्यावरच भागतं.

वायरी परत जोडल्यावर दीड व्होल्टचा सेल वूफरच्या टर्मिनलला क्षणभर टेकवा, प्लसला प्लस. कोन बाहेर आला पाहिजे. जेबीएल कंपनीच्या जुन्या स्पीकरमध्ये उलटा आत जातो, तो दोष नाही, दोन्ही स्पीकर सारखे वागले की झालं.

प्रश्न : मोठे पोर्टवाले स्पीकर, १० बाय १२ ची बेडरूम. बेस नुसता घुमतो, सोसायटीत तक्रार गेली. वूफर बदलू?
– खारघर

उत्तर : वूफरचा काय दोष? १० फुटांच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास आणि १२ फुटांच्या बाजूने ४७ च्या आसपास आवाज आपोआप फुगतो, त्यात तुम्ही स्पीकर कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवलेत हे मी पत्र न वाचताही सांगितलं असतं. कोपऱ्यातून बाहेर काढा, मागे दीड-दोन फूट सोडा. तरी घुमला तर पोर्टमध्ये (डब्याच्या भोकात) पायातला मोजा गुंडाळून घाला, धुतलेला. आवडलं नाही तर काढून टाकता येतो, आणि शेजाऱ्यांना फोन करून विचारा कमी झालं का, भिंतीपलीकडे काय पोचतंय ते तुम्हाला इकडून कळणार नाही.