दाढ काढल्यानंतर: खळगा कसा भरतो, कधी बिघडतो

काल दाढ काढली. आज सकाळी उशीवर लाल डाग होते, थुंकीही लालसर आहे. रक्त थांबलेलं नाही का?

पहिल्या दिवशी लाळ लालसर असतेच. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं की पुष्कळ दिसतं. तोंडात ताजं रक्त साचत असेल, तर मात्र गॉजची जाड घडी किंचित ओली करून नेमकी खळग्यावर ठेवा आणि 30 मिनिटं सलग दाबून धरा. चूक बहुतेक इथेच होते. घडी पातळ असली की दाब शेजारच्या दातांवर पडतो, खळग्यावर नाही. आणि दर पाच मिनिटांनी उचलून पाहिलं, तर नुकतीच धरलेली गुठळी गॉजला चिकटून निघते. बसून राहा, आडवं होऊ नका. दोनदा असं करूनही रक्त वाहत राहिलं तर दंतवैद्यांकडे जा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, फोन करून विचारा.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आजच सुरू केल्या तर जखम लवकर भरेल ना?

उलट होईल. पहिले 24 तास गुळण्या नकोत, जोरात थुंकणं नको, स्ट्रॉने पिणं नको. गुठळी म्हणजे उघड्या हाडावरचं झाकण आहे, आणि नवी पेशीजाळी तिच्यातूनच वाढते. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. पाणी तोंडात घेऊन मान इकडेतिकडे कलती करा आणि नुसतं बाहेर पडू द्या, खळखळवू नका. प्रत्येक जेवणानंतर, आठवडाभर. बाकीचे दात पहिल्या रात्रीपासून घासा, फक्त खळगा टाळून.

खालची अक्कलदाढ काढून चार दिवस झाले. दोन दिवस बरं होतं, आता कानापर्यंत ठणका जातो. डॉक्टरांना न विचारता अँटिबायोटिक घेऊ का?

नका घेऊ. ही लक्षणं ड्राय सॉकेटची वाटतात: गुठळी निघून गेली किंवा विरघळली, आणि हाड उघडं पडलं. साधं दुखणं रोज थोडं उतरत जातं. दोन ते चार दिवसांनी पुन्हा उसळणारा ठणका हे वेगळंच प्रकरण. तोंडाला वास येतो, चव बिघडते, खळगा रिकामा किंवा करडा दिसतो. खालच्या अक्कलदाढेत हे जास्त होतं, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत तर फारच. म्हणून निदान तीन दिवस, जमल्यास आठवडाभर तंबाखू पूर्ण बंद ठेवा, ही आमची आग्रहाची विनंती. इथे जंतुसंसर्ग हे मूळ कारण नसल्याने अँटिबायोटिकने ठणका थांबत नाही. दंतवैद्य खळगा सलाइनने धुऊन औषधी पट्टी भरतात. आराम बहुधा त्याच दिवशी पडू लागतो. काहींना पट्टी पुन्हा बदलावी लागते. तोवर सांगितलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घ्या. लवंग तेल किंवा गोळीची पूड खळग्यात घालू नका, हिरडी भाजते.

खळग्यात पांढरट थर दिसतो. पू आहे का?

वेदना कमी होत असतील आणि ताप नसेल, तर बहुधा नाही. तो जखम भरतानाचा फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, थर असतो. कापसाने किंवा काडीने खरवडू नका.

तिसऱ्या दिवशी गाल जास्तच सुजलाय.

सूज 48 ते 72 तासांत शिगेला पोचते, मग उतरते. बर्फ पहिल्या दिवशीच उपयोगी: कापडात गुंडाळून 15 मिनिटं लावायचा, 15 मिनिटं थांबायचं. तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढत असेल किंवा ताप, पू आला तर त्याच दिवशी दाखवा. गिळायला वा श्वासाला त्रास होत असेल, जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज उतरत असेल, तर वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा.

खळगा पूर्ण कधी भरेल? कडेला काहीतरी टोचतंय.

हिरडी वरून जुळायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, आत हाड भरायला काही महिने. टोचणारी बहुधा हाडाची बारीक कपची असते. पुष्कळदा ती आपोआप बाहेर येते. नखाने ओढू नका. टोचणं थांबलं नाही तर दंतवैद्य ती सहज काढतात.